चाळिसाव्याचं पाणी

जहाज थांबवायचं होतं. बास, एवढंच काम. आणि ते मी करणार होते, कारण आमच्या अख्ख्या वस्तीत माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. हे मी नाही म्हणत, जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणाले, माईकवरून, सगळ्या शाळांसमोर. तेव्हापासून मी घरातही जरा मोठ्यानं बोलते. आई म्हणते, "नब्रा, आम्ही बहिरे नाही गं." पण इतकी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीला आवाज सापडला, तर ती तो वापरणारच ना?

थांबवायचं होतं आत्याआजीसाठी. फदीला आत्याआजी, माझ्या आजोबांची बहीण. ती लहान मुलगी होती तेव्हा तिची आई गेली, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आम्हाला उठवायला सरकारी बोटी आल्या. असवानला मोठं धरण बांधत होते, पाणी चढणार होतं, सगळा न्यूबिया त्याखाली जाणार होता. आमच्याकडे कबरीच्या उशाशी मातीचा वाडगा ठेवतात. मरणानंतर चाळिसाव्या दिवशी थोरल्या मुलीनं तो वाडगा स्वतःच्या हातानं भरायचा आणि म्हणायचं, "आई, पाणी प्यायलीस, आता जा." मग मेलेलं माणूस सुटतं. तोवर ते घराच्याच आसपास तहानलेलं फिरत असतं म्हणे. थोरली मुलगी म्हणजे आत्याआजी. आणि चाळिसाव्याच्या आधीच बोटी आल्या.

तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, कारकुनाकडे गेले, चार दिवस थांबा म्हणाले. कारकून कैरोचा. तो भोंग्यावरून सगळ्यांना एकच सांगत होता, की घाबरू नका, तुम्हाला 'अमान'मध्ये नेतोय. अरबीत अमान म्हणजे सुरक्षित जागा. पण आमच्या न्यूबियन भाषेत 'अमन' म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे नाईल, दुसरं पाणी आम्ही बघितलंय कुठं! आमच्या म्हाताऱ्यांचं अरबी यथातथाच. ते म्हणाले, अरे, नदीवरच नेतायत की! पणजोबांना वाटलं, नदी तीच, काठ तेवढा वेगळा; गलबत घेऊन कधीही परत येऊ, बायकोचा वाडगा भरू. म्हणून ते भांडले नाहीत. स्वतः पुढे होऊन त्यांनी लोकांना बोटीत चढवलं. आणि आणून टाकलं कुठं, तर कोम ओम्बोच्या मागे, वाळवंटात. नदी बघायची तर गाढवावर बसून जावं लागायचं. पणजोबा मरेपर्यंत त्या एका शब्दासाठी स्वतःला शिव्या घालत होते.

मागे राहिलेल्या वाडग्यांचं काय झालं? सरकारनंच भरले. सगळे एकदम आणि कायमचे.

आता आमच्या दाऊदनोग गावावर, म्हणजे दाऊदच्या घरांवर, धरणाचा तलाव आहे. तिकडे रस्ता जात नाही, आणि कोळ्याच्या होडीतून जायचं तर इतक्या परवानग्या लागतात की तोवर माणूस स्वतःच कबरीत जाईल. जातात ती फक्त पर्यटकांची जहाजं, धरणापासून अबू सिंबेलपर्यंत, देवळं बघत बघत. त्यातल्या एकावर शाजली काका डफ वाजवतो. सहामाही सुट्टीत, पर्यटकांसमोर नाचगाणं करणाऱ्या त्याच्या 'न्यूबियन कुटुंबा'तल्या दोन बायका आजारी पडल्या, आणि मी टुणकन उडी मारून म्हटलं, "आम्ही येतो! मी आणि आत्याआजी!"

"आत्या काय करणार?" काका म्हणाला.

"मेंदी काढणार."

"तिचे हात थरथरतात."

"मग नक्षी जास्त चांगली येईल."

आत्याआजी कोपऱ्यात बसून खजुरातल्या बिया काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शाजली, तुझं जहाज आमच्या डोंगरावरून जातं की नाही?"

"जातं, आत्या. किल्ल्यानंतर लगेच."

"मग मी मेंदी काढते."

तिनं एक मातीचा वाडगा बरोबर घेतला आणि घरच्या रांजणातलं पाणी एका प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेतलं. मी विचारलं, अगं, खाली अख्खा तलाव आहे, पाण्यात पाणी ओतून काय होणार? तर म्हणाली, "ते पाणी कुणी तिला दिलेलं नाही. ते तिच्यावर आलंय." मी बाटलीचं झाकण घट्ट लावून दिलं.

"फक्त थांबू देत," ती म्हणाली. "चालत्या जहाजातून टाकलं तर भिकाऱ्याच्या अंगावर नाणं फेकल्यासारखं होतं. थांबून द्यायचं असतं."

"मी थांबवते ना!" मी म्हटलं.

*

जहाजावर आमचा मालक म्हणजे उस्ताद तामिर. गाईडही तोच, कार्यक्रम ठरवणाराही तोच. कैरोचा, गोरापान, दात असे पांढरे की बोलताना आधी तेच दिसायचे. त्यानं आत्याआजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिनं आपला काळा गरगार घातला होता, मागे जमिनीवर लोळणारा, झिरझिरीत. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका तोच घालतात.

"हज्जा," तो म्हणाला, म्हाताऱ्या बाईला मानानं म्हणतात तसं, "कोण वारलंय का?"

"का रे बाळा?"

"काळं घातलंयस म्हणून म्हटलं. पाहुण्यांना न्यूबियन म्हणजे रंगीत लागतं. पिवळं, निळं, केशरी."

"मी न्यूबियन आहे, पोपट नाही," आत्याआजी म्हणाली.

तामिर खो खो हसला. "वा! हे आवडलं. न्यूबियन लोक म्हणजे सोनं! भोळे, प्रामाणिक, हसतमुख."

"आम्ही सगळे नाही हसत," मी म्हटलं.

"तू तर हसतेयस की."

"माझा चेहराच तसा आहे."

काकानं मागून माझी वेणी ओढली. त्याचं नवीन कंत्राट तामिरच्या हातात होतं, हे मला दोन दिवसांत चार वेळा सांगून झालं होतं.

पहिल्या दिवशी एक देऊळ, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. मला खरंच मजा येत होती, खोटं कशाला बोलू! वाऱ्यानं केस उडतायत, पाणी निळंशार, आणि फ्रान्सच्या एका सिल्वी नावाच्या बाई माझ्याशी तासन् तास बोलतायत. माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं, हे त्यांनीच कबूल केलं. मी त्यांना न्यूबियन आकडे शिकवले, त्यांनी मला फ्रेंच शिव्या.

दुपारी अमादाच्या देवळापाशी उतरलो. आत्याआजीलाही मी खाली नेलं, दोन्ही हात धरून. तामिर सगळ्यांसमोर उभा राहून सांगत होता, की हे देऊळ म्हणे इतर देवळांसारखं कापून हलवलं नाही. आतल्या भिंतींवरचा रंग फार नाजूक होता, कापलं असतं तर उडाला असता. म्हणून अख्खं देऊळ रुळांवर ठेवलं आणि हळूहळू, जराही धक्का न लावता, उंचावर ओढत नेलं. पर्यटक 'ओऽऽ' म्हणाले.

आत्याआजीनं मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं.

"रंग उडेल म्हणून?"

"हो."

"आणि हळूहळू?"

"हो, आत्याआजी."

"आम्हाला बोटीतून उतरवून आगगाडीत कोंबलं होतं," ती म्हणाली. "गुरांच्या डब्यात. सलीमाचं बाळ वाटेतच गेलं." मग भिंतीजवळ जाऊन तिनं तो रंग नीट बघितला. हरणाच्या तांबड्या पायावर बोट ठेवणार, तेवढ्यात रखवालदार ओरडला, "ए आजी! हात लावू नको!"

"बरं, बरं," ती म्हणाली. "जपा."

जहाजावर परतल्या परतल्या मी तामिरला गाठलं आणि आमची गोष्ट अगदी मुद्देसूद सांगितली. स्पर्धेत बोलले होते तशीच: आधी परिस्थिती, मग अडचण, मग विनंती. तो टिश्यूनं गॉगल पुसत होता.

"उद्या सकाळी आपण इब्रिमच्या किल्ल्यासमोर थांबतो," तो म्हणाला. "चहा, फोटो. त्यानंतर सरळ अबू सिंबेल. मध्ये थांबणं नाही."

"पण आमचं गाव किल्ल्यानंतर लगेच आहे. पाच मिनिटं थांबलात तरी..."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. सगळं पाण्याखाली."

"मग मी पाहुण्यांना काय सांगू? 'इकडे बघा, काहीच नाही'?"

मी तशीच वर कप्तानाकडे गेले. रईस अब्दून आमच्यातलाच, म्हणजे न्यूबियन, पण उत्तरेकडचा, केन्झी. त्यांची बोली वेगळी. आम्ही पाण्याला अमन म्हणतो, ते एस्सी म्हणतात, आणि दोघांनाही वाटतं समोरचा बोबडा बोलतो.

"रईस, उद्या आमच्या गावावर जरा थांबाल?"

"तुमचं अमन काय आणि आमचं एस्सी काय, वरून सारखंच दिसतं," तो म्हणाला. "माझंही गाव तिकडे धरणाजवळ असंच पाण्याखाली आहे, पोरी. दर फेरीला त्याच्यावरून जातो. आईसाठी आजवर एकदा इंजिन बंद केलेलं नाही."

"का?"

"थांबायचं कधी, हे ज्यांनी तिकीट काढलंय ते ठरवतात. त्यांना सांग."

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. अरे हो! त्यांनाच सांगायचं!

*

संध्याकाळी गच्चीवर 'न्यूबियन संध्या' होती. काकानं डफ तापवून घेतला, स्वयंपाकघरातल्या पोरांनी पांढरे झगे चढवून टाळ्यांचा फेर धरला, खजूर आणि मक्याच्या लाह्या वाटल्या. आत्याआजीनं बारा-पंधरा जणींच्या हातांवर थरथरती मेंदी काढली आणि खरंच, सगळ्यांना ती नक्षीच वाटली. मग तामिरनं माझ्या हातात माईक दिला. मी पाहुण्यांना नाचाचा अर्थ सांगावा, असं ठरलं होतं.

मी नाचाचं एक वाक्य बोलले आणि मग आत्याआजीकडे हात केला.

मी काय बोलले! आत्ताही आठवलं की अंगावर काटा येतो. वाडगा, चाळिसावा, बोटी, भोंग्यावरचा तो कारकून, अमान आणि अमन, सगळं. पणजीचं नावसुद्धा सांगितलं, आशा. शेवटी म्हटलं, की तुम्ही दगड बघायला इतक्या लांबून आलात. उद्या पाच मिनिटं एका आईसाठी थांबाल का? सगळ्यांनी लाह्या खाणंही थांबवलं होतं. सिल्वीबाई चक्क रडत होत्या. तिपाईवर कॅमेरा लावून सगळीकडे फिरणारे एक उंच गृहस्थ उभे राहून म्हणाले, थांबलंच पाहिजे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी आता चालत गेले तर पाण्यावरूनही जाईन.

तामिर टाळ्या वाजवत पुढे आला, माझ्या हातातून माईक घेतला आणि एका क्षणात, मानलं पाहिजे, एका क्षणात म्हणाला, "मित्रहो, ठरलं! उद्या सकाळी आपल्या जहाजावर प्रथमच, प्राचीन न्यूबियन जलविधी!"

मी धावत आत्याआजीकडे गेले. "थांबणार! सगळ्यांनी मिळून थांबवायला लावलं!"

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"सगळं!"

"माझ्या आईचं नाव?"

"तेही सांगितलं. किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं माहितीये?"

आत्याआजी मेंदीचे हात पुसत होती. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "बरं. थांबणार ना? थांबू दे."

*

सकाळी उजाडल्या उजाडल्या तामिर एक चकचकीत पितळी घंगाळ घेऊन आला. आत्याआजीचा मातीचा वाडगा, कडेला टवका उडालेला, फोटोत नीट दिसणार नाही म्हणाला. वर एक केशरी ओढणीही आणली होती. आत्याआजीनं ओढणी घेतली, शांतपणे त्या घंगाळात ठेवली आणि दोन्ही त्याच्या हातात परत दिली. काका भिंतीकडे बघत होता.

जहाज थांबलं. इंजिनाची घरघर बंद झाली तशी मी आत्याआजीला घेऊन वर गेले. सगळे पर्यटक कठड्याला गर्दी करून उभे होते, हातात फोन, तिपाई रोवलेली. समोर इब्रिमचा किल्ला. पूर्वी तो उंच कड्यावर होता, आता पाण्यातून जेमतेम खांद्यापर्यंत वर आलाय. ऊन नुकतंच त्याच्या भिंतींवर पडलं होतं.

आत्याआजी थबकली. "हे नव्हे."

"काय?"

"हा किल्ला आहे. आपला डोंगर तो," तिनं लांब दक्षिणेकडे बोट केलं. तिथं पाण्यातून एक काळपट कुबड वर आलेलं दिसत होतं. "आई त्याच्या पायथ्याशी आहे. इथं नाही."

मी तामिरला बाजूला ओढलं. "उस्ताद, ही जागा नाही. आमचं गाव पुढे आहे."

"माहितीये मला," तो दात दाखवतच म्हणाला, कारण पर्यटक बघत होते. "तिथं मागे काय दिसणार, रिकामी वाळू? इथं किल्ला येतो फोटोत. आणि दोनदा थांबायला मी काय बस चालवतोय? पाणी सगळं एकच आहे गं."

"पण तिची आई..."

"बाळ, तूच त्यांना रडवलंस ना? आता त्यांना बघू दे." आणि माईकवर, "तयार आहोत, मित्रहो!"

मी होता नव्हता तेवढा आवाज काढून इंग्रजीत ओरडले, "ही ती जागा नाही! गाव पुढे आहे!" दोन-चार जणांनी वळून बघितलं. तामिर गोड हसून म्हणाला, "आपली छोटी मैत्रीण म्हणते, की हा विधी आत्म्यांच्या गावाकडे तोंड करून होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर तोंडही दक्षिणेकडे केलं, बिचाऱ्यानं.

काका आत्याआजीजवळ आला. डफ त्यानं छातीशी धरला होता, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. "आत्या," तो हळू म्हणाला, "काहीतरी कर गं. चार शब्द म्हण आणि तळ्यातलंच पाणी ओत. माझ्याकडे बघ एकदा."

आत्याआजीनं त्याच्याकडे बघितलं. मग बाटली माझ्या हातात दिली. "हे सांभाळ. हे इथं वापरायचं नाही." कठड्याशी जाऊन तिनं स्वयंपाकघरातून आणलेला एक साधा पेला उचलला, आणि रडगाण्याच्या सुरात, ज्या सुरात आमच्याकडे बायका मयतावर गातात त्याच सुरात, न्यूबियनमध्ये सुरू केलं:

"अगंऽ आई, तू ऐकू नकोस, हे तुझ्यासाठी नाही गंऽऽ
ए टोपीवाल्या, तोंड मिट रे, माशी जाईलऽऽ
तीन पायांच्या काचेला तडा जावोऽऽ
हे अमन तुझं नाही आई, हे किल्ल्याचं अमन गंऽऽ
पांढऱ्या दातांच्या घरचा नळ जन्मभर कोरडा राहोऽऽ
आणि त्याची बायको त्याच्याशी अरबीतच भांडोऽऽ"

काकाचा हात डफावर पडला आणि तिथेच अडकला. वर कप्तानाच्या खिडकीत रईस अब्दूननं तोंडावर रुमाल धरला. त्याला आमची बोली बोबडी वाटत असली तरी तो नळ त्याला बरोबर कळला होता. मला हसू येत होतं. मी दातांखाली ओठ धरून उभी राहिले.

"ऐकलंत?" तामिर भारावून माईकवर म्हणाला. त्या सगळ्यातून त्याला एकच शब्द ओळखीचा वाटला होता. "अमान! ती नदीकडे अमान मागतेय. शांती. तुमच्यासाठी, आमच्यासाठी, सगळ्या जगासाठी."

"अमन म्हणजे पाणी," मी म्हटलं. माईक लांब होता, पण सिल्वीबाईंनी ऐकलं.

"पाणी?" त्या म्हणाल्या.

"पाणी म्हणजेच शांती!" तामिर म्हणाला. "किती सुंदर भाषा!"

आणि मग ते सगळे, हात उंचावून, एका सुरात म्हणायला लागले, "अमन! अमन! अमन!" एवढ्या मोठ्या तळ्याच्या मधोमध उभे राहून चाळीस-पन्नास माणसं पाणी, पाणी म्हणून ओरडत होती.

आत्याआजीनं पेला पालथा केला. त्यात काही नव्हतंच.

"सुरेख!" तिपाईवाले म्हणाले. "फक्त एक विनंती. सूर्य समोर होता, चेहरा काळा आला. परत एकदा होईल का?"

"हज्जा," तामिर म्हणाला, "एकदा परत."

आणि ती परत गायली. या वेळी तिपाईवाल्यांच्या सात पिढ्याही त्यात आल्या. त्यांनी शेवटी अंगठा वर करून दाखवला.

*

इंजिन सुरू झालं. आत्याआजी माझा हात धरून म्हणाली, "मागे चल. थांबलं नाही तर नाही. चालतं तर चालतं. भिकाऱ्याचं तर भिकाऱ्याचं."

आम्ही मागच्या डेकवर गेलो, जिथं दोरखंड आणि रिकाम्या गॅसच्या टाक्या ठेवतात. तिथं कुणी येत नाही. काळा डोंगर हळूहळू जवळ येत होता. जवळून तो दोन उंचवट्यांचा दिसतो, मधे खोलगट. आत्याआजी त्या खोलगट भागाकडे बघत मला सांगायला लागली, की तिथून बकऱ्या उतरायच्या, आणि त्याच्या बरोबर खाली, डाव्या अंगाला... तिनं गरगारच्या आतून मातीचा वाडगा काढला. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. तिनं वाडगा भरला. हात थरथरत होते, पण एक थेंब सांडला नाही.

"आई," ती म्हणाली. या वेळी सूर वगैरे काही नाही. नुसती हाक. स्वयंपाकघरातून बाहेर मारतात तशी.

"इथे आहेत! इथे आहेत!"

सिल्वीबाई. त्यांच्यामागे तिपाई, तिपाईच्या मागे टोप्या. त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "नब्रा, आम्हाला वाटलंच, खरा विधी आता होणार. तू म्हणाली होतीस ना, गाव पुढे आहे." त्या एकट्यांनीच माझं ऐकलं होतं, आणि ऐकून सगळ्यांना घेऊन आल्या होत्या.

"आणि आता ऊनही मागून आहे," तिपाईवाले आनंदानं म्हणाले.

"प्लीज, जा," मी म्हटलं. "प्लीज. हे बघायचं नाही."

"आम्ही अजिबात आवाज करणार नाही," कुणीतरी कुजबुजलं. आणि खरंच, कुणी केला नाही. सगळे श्वास धरून उभे राहिले, हात पुढे, फोन पुढे. मी आत्याआजीच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरले, तर ते दोन्ही बाजूंनी सरकले.

डोंगर आता अगदी समोर आला होता. खोलगट भाग, बकऱ्यांची वाट, डावं अंग. आत्याआजीनं वाडगा कठड्याच्या बाहेर धरला. पाण्याकडे बघितलं. मग वळून त्या सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे, सावकाश.

वाडगा तिनं आत घेतला, तोंडाला लावला, आणि ते पाणी पिऊन टाकलं. शेवटच्या घोटापर्यंत. गरगारच्या पदरानं तोंड पुसलं.

"याचा अर्थ काय?" सिल्वीबाईंनी मला कानात विचारलं.

"तिला तहान लागली होती," मी म्हटलं.

डोंगर मागे पडला. ते लोकही हळूहळू नाश्त्याला गेले. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं, मी म्हटलं, आत्याआजी, अजून दिसतोय डोंगर, ओत ना! ती म्हणाली, "वाडगा उष्टा झाला आता. उष्टं आईला देतात का?"

"मी पुढच्या सुट्टीत परत थांबवते," मी म्हटलं. "शपथ. या वेळी कुणाला काही सांगणार नाही."

"न सांगता थांबतं होय?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

नाश्त्याच्या वेळी तामिर काकाशी बोलत होता. हा विधी दर फेरीला ठेवायचा, पाहुणे वेडे झालेत म्हणाला. हज्जाला नसेल जमत तर दुसरी कुणी. काका चहात साखर ढवळत राहिला, विरघळून गेली तरी ढवळत राहिला, आणि मग म्हणाला, "आहेत आमच्याकडे बायका. शिकवीन मी." आत्याआजीचे शब्द त्यानं फोनवर रेकॉर्ड करून घेतले होते.

दुपारी अबू सिंबेल आलं. आत्याआजी म्हणाली, मला नाही उतरायचं. पण जहाज साफ करायचं होतं, सगळ्यांना खाली काढलं. म्हणून ती माझ्या आधारानं त्या चार अगडबंब दगडी राजांच्या समोर एका बाकावर बसली. बाजूला तामिर नव्या जोमानं सांगत होता. मी तिला तेही सांगितलं, सवयीनं: की हे देऊळ कापून कापून वर आणलं, आणि मागे पूर्वीसारखा डोंगर दिसावा म्हणून तोही नवा बांधला.

"हा डोंगर खोटा?"

"हो. आतून काँक्रीटचा घुमट आहे. वरून दगड रचलेत."

"आणि आत?"

"आत काही नाही. पोकळ आहे. नुसती हवा."

आत्याआजी उठली. उन्हासाठी कपाळावर हात धरून तिनं तो डोंगर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, आणि मग पुन्हा पहिल्या टोकाकडे आली.

"एवढी जागा होती?" ती म्हणाली.